भागीरथीबाईंचा नळ

पाणीखात्याचा इन्स्पेक्टर भागीरथीबाईंची चौकशी करायला आमच्या घरी आला, तो गुरुवार होता. घरी आई होती, बाबा होते, आबाकाका होते आणि मी होते. भागीरथीबाई नव्हत्या. त्या कधीच नव्हत्या. बाबांनी त्यांना नाटकासाठी लिहिलं होतं.

आम्ही तेव्हा मुसी नदीकाठच्या गौलीगुड्यात राहायचो. आमच्या बैठकीला आत जायला दोन वाटा होत्या. एक स्वयंपाकघरात जायची, तिला दार नव्हतं, आईच्या जुन्या साडीचा पडदा होता. दुसरी ट्रंकांच्या खोलीत जायची, तिला दार होतं आणि ते आतून कडी लावल्याशिवाय मिटत नसे. गल्लीच्या एका तोंडाशी बसगाड्यांचे भोंगे आणि दुसऱ्या तोंडाशी गवळ्यांच्या म्हशी, असं आमचं ठिकाण. सकाळी दुधाच्या कॅनची झाकणं वाजायची, संध्याकाळी म्हशी परत यायच्या, आणि त्याच वेळेला गल्लीतल्या एकुलत्या सार्वजनिक नळाला पाणी यायचं. नळ म्हशींच्या बाजूला होता. म्हशी आधी पोचत. बायका त्यांच्यामागे घागरी घेऊन उभ्या राहत. आईचा नंबर येईपर्यंत पाण्याची धार करंगळीएवढी झालेली असे. ती घागर कमरेवर घेऊन यायची, उंबऱ्याशी क्षणभर थांबायची, श्वास घ्यायची, मग आत यायची. ती थांबलेली असताना घागरीतलं पाणी डुचमळायचं, तो आवाज मला अजून येतो. बाबा त्या वेळी बैठकीत बसून लिहीत असायचे.

बाबा सरकारी भाषांतर खात्यात होते. उर्दूतून, तेलुगूतून, मराठीतून आलेले अर्ज ते दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत करून पुढे पाठवायचे, आणि पुढे त्यांचं काय झालं हे त्यांना कधी कळत नसे. वीस वर्षं परक्यांची गाऱ्हाणी नीटनेटक्या वाक्यांत उतरवून काढल्यावर त्यांना वाटू लागलं की आपण एक सामाजिक नाटक लिहावं. आमच्या मराठी वाचनालयाचं वार्षिक संमेलन जवळ आलं होतं. नाटकाचं नाव ‘घागर’. भागीरथीबाई नावाची एक विधवा आपल्या गल्लीत नळ मिळावा म्हणून अकरा वर्षं अर्ज करते, कुणी पाहायलाही येत नाही, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी घागर डोक्यावर असताना ती रांगेतच प्राण सोडते. बाबांनी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. चुलीवर आंबाडीची भाजी शिजत होती आणि तिच्या आंबट वासात आम्ही तो मृत्यू ऐकला. वाचन संपल्यावर आईनं एवढंच विचारलं, “त्या बाईला नवरा का नाही?”

बाबा म्हणाले, “नवरा असता तर त्यानं पाणी आणलं असतं. मग नाटक कुठं राहिलं?”

आईनं कोपऱ्यातल्या घागरीकडं पाहिलं, मग बाबांकडं पाहिलं, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

भागीरथीबाईंचं काम करायला वाचनालयातली एकही सवाष्ण तयार झाली नाही. कपाळ पुसून स्टेजवर कोण उभी राहणार? आमच्या लोकांत शिकलेल्या बायका पुष्कळ होत्या, शिक्षिका होत्या, एक तर वकील होती, पण या एका बाबतीत सगळ्या सारख्याच. शेवटी ते काम आईकडं आलं, कारण ती लेखकाची बायको होती आणि नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं तोडगा काढला. कुंकू पुसायचं नाही, त्यावर पावडर थापायची. मंगळसूत्र पोलक्याच्या आत. मी अकरावीत होते, नारायणगुड्याच्या कॉलेजात जायचे; मला पडद्यामागून शब्द द्यायचं काम मिळालं. घरी दिवसभरात पंचवीस वाक्यं बोलणारी आई स्टेजवर तीन अंक बोलली, एकदाही अडली नाही. मी वही धरून बसले होते आणि मला काही काम नव्हतं. समोर बसलेल्या बायका रडल्या. गल्लीतल्या दोघी तर भागीरथीबाई मेल्यावर उठून गेल्या, कारण पाण्याची वेळ झाली होती.

नाटकानंतर चर्चा झाली. आमच्याकडं नाटक झालं की चर्चा व्हायचीच, आणि लोक नाटकापेक्षा तिलाच जास्त थांबत. वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, उठून म्हणाले की भाषा उत्तम, सौ. सुमतीबाईंचं काम तर उत्तमच. पण अकरा वर्षांत एकही अधिकारी पाहायला येत नाही हे काही मनाला पटत नाही. सामाजिक लेखनात वास्तव असावं, नाट्य बेतानं असावं. इथं नाट्य जरा जास्त झालंय. बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. वीस वर्षं ज्या अर्जांची भाषांतरं केली त्यांतला एकेक अर्ज त्यांच्या डोळ्यांपुढं उभा असणार, आणि वकीलसाहेबांना ते काय सांगणार?

आबाकाकांची तक्रार वेगळी होती. आबाकाका हे बाबांचे थोरले भाऊ. दफ्तरखान्यातून रिटायर झाले होते, एकटेच असायचे, आमच्याकडं जेवायचे. अख्खं नाटक त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिलं आणि त्यांना एकच गोष्ट खटकली. भागीरथीबाई दुसऱ्या अंकात जो अर्ज हातात नाचवते, त्यावर आवक शिक्का नव्हता. “अकरा वर्षं बाई तो कागद घेऊन फिरते,” ते म्हणाले, “आणि त्यावर नंबर नाही? लोक कसे विश्वास ठेवतील, यशवंता?” बाकी अर्जात दोष नव्हता. बाबांना चुकीचा अर्ज लिहिताच येत नसे. मायना, विषय, विनंती, खाली दिनांक, सगळं जिथल्या तिथं. पत्ता मात्र त्यांना खोटा सुचेना, म्हणून त्यांनी आमचाच घालून ठेवला होता. खाली भागीरथीबाईंचा अंगठा, तो आईचा.

नाटकाचा दुसरा प्रयोग ठरला होता. तेवढ्यात आबाकाकांनी आपल्या परीनं नाटकात वास्तव आणायचं ठरवलं. कुणाला न सांगता ते इस्त्रीचा शर्ट घालून आबिड्सकडच्या पाणीखात्याच्या कचेरीत गेले, ओळखीच्या कारकुनाच्या खिडकीशी उभे राहिले आणि अर्जावर शिक्का मारून घेऊन आले. संध्याकाळी कागद बाबांपुढं ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, तसं मी पुढं फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलं. जांभळा शिक्का, आत हातानं घातलेला नंबर. बाबांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले की ही तर नक्कल आहे, मूळ अर्ज कुठं आहे?

“ठेवून घेतला,” आबाकाका म्हणाले. “ठेवून घ्यावाच लागतो. त्याशिवाय नंबर कसा देतील?”

मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. सामाजिक, राजकीय म्हणून जेवढं मराठीत छापलं गेलं त्यातलं बरंचसं माझ्या हाताखालून गेलं, आणि त्यात वास्तव किती, कल्पित किती, यावरची भांडणंही मी वाचली. ही दोन गावं लांब लांब आहेत असं धरूनच सगळे भांडतात. आमच्या घरी त्या दोन गावांच्या मध्ये खिडकी होती आणि खिडकीशी आबाकाका उभे होते.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अर्जदार श्रीमती भागीरथीबाई यांच्या अर्जावरून गुरुवारी अकरा वाजता मुआयना, म्हणजे पाहणी, होईल, अर्जदारानं हजर राहावं. बाबांनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं, मग सवयीनं मराठीत करून सांगितलं. भानगड काय आहे हे मला तेव्हा आबाकाकांनी समजावलं. सरकारी नोकराच्या अक्षरात, सरकारी नोकराच्या पत्त्यावरून, नसलेल्या बाईच्या नावानं अर्ज. याला खोटा अर्ज म्हणतात. बाबांची नोकरी जाऊ शकत होती.

बाबा म्हणाले, जाऊन खरं सांगून टाकतो. आबाकाकांनी विचारलं, काय सांगशील? की नाटकातला कागद आहे? मग नाटकातल्या कागदावर तू कचेरीचा शिक्का का घेतलास? बाबा म्हणाले, मी नाही, तू घेतलास. आबाकाका म्हणाले, तेही लिहून द्यावं लागेल, मग माझी पेन्शन जाईल. बाबा म्हणाले, बरं, अर्ज मागे घेतो. मागे घ्यायला अर्जदाराचा अंगठा लागतो, समक्ष. दोघं भाऊ दोन दिवस हे असंच बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी आबाकाका म्हणाले की बाई फक्त पंधरा मिनिटं असायला पाहिजे. इन्स्पेक्टर पाहून जाईल, दोन ओळी लिहील, आणि फाइल दप्तरी दाखल होईल. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं. एकदा फाइल दप्तराच्या कपाटात गेली की अकरा वर्षं निश्चिंत.

दोघंही आईकडं बघत नव्हते. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “मी बसते. कुंकू पुसणार नाही पण. पावडर लावीन.”

गुरुवारी रजा टाकून बाबा सकाळपासून तिला सूचना देत होते. आवाज दुसऱ्या अंकातला वापर, तिसऱ्यातला नको, तिसऱ्यात तू मरत असतेस. घाबरून घाई करू नकोस. आईनं कुंकवावर पावडर थापली, मंगळसूत्र पोलक्यात सारलं. नाटकात भागीरथीबाईंचा नवरा मेलेला असल्यामुळे बाबांनी घरात दिसून चालणार नव्हतं. पावणेअकराला ते ट्रंकांच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्यामागं उभी राहिले. आबाकाका बैठकीत खुर्चीवर बसले; ते बाईंचे दीर, हे तर खरंच होतं.

इन्स्पेक्टर म्हणजे एक सावळा, बुटका, फार अदबीनं बोलणारा माणूस निघाला. चपला त्यानं बाहेर काढल्या. आईला अम्मा म्हणाला, पाणी प्यायला, आणि पाणी पिऊन झाल्यावर भांड्यात उरलेल्या घोटाकडं बघून म्हणाला, “इत्ते दूर से लाया हुआ पानी है, फेंकते नै.” तो घोटही त्यानं संपवला. मग वही उघडून एकेक प्रश्न विचारू लागला. नळ किती लांब, किती घागरी लागतात, घरात माणसं किती. आईला दख्खनी समजत होती, पण उत्तरं तिच्याजवळ मराठीत पाठ होती, तीच ती देत गेली. तो म्हणाला, रांगेत किती वेळ उभं राहता. आई म्हणाली, “साहेब, नळ लांब नाही. माझा नंबर लांब आहे.” हे दुसऱ्या अंकातलं वाक्य होतं, याच्यावर संमेलनात टाळी पडली होती. इन्स्पेक्टरनं लिहिणं थांबवलं. आबाकाकांना त्याचा अर्थ विचारला, आणि समजल्यावर ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. ट्रंकांच्या खोलीचं दार किंचित हललं. लेखकाला तेवढं सुख मिळायलाच हवं होतं.

मग इन्स्पेक्टरनं विचारलं, “शौहर का नाम?”

आईनं पडद्याकडं पाहिलं. मी पानं उलटू लागले. पहिला अंक, दुसरा, तिसरा. तीन अंकांत भागीरथीबाई नवऱ्याची आठवण नऊ वेळा काढते आणि नऊही वेळा ‘हे’ म्हणते. हे असते तर. हे गेले तेव्हा. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग मेलेल्या नवऱ्याला नाव कशाला द्यायचं, असं बाबांना वाटलं असेल, किंवा त्यांच्या लक्षातच आलं नसेल. तेव्हापासून एखादं सामाजिक नाटक हातात आलं की मी आधी हेच पाहते, त्यातल्या मेलेल्या माणसाला नाव आहे की नाही. आबाकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, विठ्ठल, मारुती, काहीही. पण दफ्तरात नसलेलं नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून निघेना.

इन्स्पेक्टरनं पुन्हा विचारलं. आई उठून उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, मान खाली घातली, आणि लग्नानंतर याच उंबऱ्यावर नणंदांनी अडवलं होतं तेव्हा जो उखाणा घेतला होता, तो म्हणाली:

“मुसीच्या पुलाला कमानी चार,
यशवंतरावांचं नाव घेते, सोडा माझं दार.”

इन्स्पेक्टरला ती कविता वाटली असावी, कारण त्यानं मान झुकवली. मग त्यातलं आपल्याला हवं ते नाव शोधून, मोठ्यानं म्हणत म्हणत त्यानं लिहिलं, “मरहूम यशवंतराव.” म्हणजे कैलासवासी.

ट्रंकांच्या खोलीत पत्रा दणकन वाजला. बाबा ट्रंकेवर बसले होते. इन्स्पेक्टरनं विचारलं, अंदर कौन है. आबाकाका म्हणाले, “बिल्ली है, साहब.” नाव रचता न आलेल्या माणसानं मांजर रचलं. त्यांच्या आयुष्यातलं ते एवढंच कल्पित लेखन.

जाताना इन्स्पेक्टर उंबऱ्याशी थांबला. त्याचे डोळे ओले होते. तो म्हणाला की अशा फायली कपाटात जाऊन मरतात हे त्याला माहीत आहे. “मगर ये फाइल मैं खुद चलाऊँगा, अम्मा. हात में लेके चलाऊँगा.” तो गेल्यावर आबाकाकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवात हे बसत नव्हतं. सगळा बेत सरकारी दिरंगाईवर उभा होता आणि आमच्या नशिबी नेमका कामाचा माणूस आला होता.

बाबा कडी काढून बाहेर आले. आईनं तोंड धुतलं, पावडर गेली, खाली कुंकू तसंच होतं, तरी तिनं त्यावर नवीन लावलं, रुपयाएवढं. मग पाट मांडला, बाबांना पूर्वेकडं तोंड करून बसवलं आणि ओवाळलं. बाबा एवढंच म्हणाले की पुलाला कमानी चार नाहीत, पुष्कळ आहेत, हे मी लग्नातच सांगितलं होतं. आई म्हणाली, यमकाला चारच लागतात. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “माझं नाव का सांगितलंस?”

निरांजन खाली ठेवत आई म्हणाली, “मला दुसरं नाव येत नाही.”

संध्याकाळी पाण्याची वेळ झाली तेव्हा कोपऱ्यातली घागर बाबांनी उचलली आणि ते म्हशींच्या मागे जाऊन उभे राहिले. बायका हसल्या. एकीनं विचारलं, काय हो मास्तर, नाटक बदललं का? ते रोज जाऊ लागले. फार दिवस जावं लागलं नाही. दीड महिन्यानं माणसं आली, गल्ली खणली, आणि आमच्या भिंतीशी नळ बसवून गेली. वर पत्र्याची पट्टी: नंबर, आणि उर्दूत, तेलुगूत भागीरथीबाईंचं नाव, मरहूम यशवंतराव यांच्या पत्नी. बाबांनी तिचं मराठी भाषांतर करून आईला वाचून दाखवलं. मरहूम हा शब्द मात्र त्यांनी गाळला. गल्लीतल्या बायका त्याला भागीरथीबाईचा नळ म्हणू लागल्या आणि आई पाणी भरायला बाहेर आली की तिला पहिला नंबर देऊ लागल्या.

दुसरा प्रयोग झाला तेव्हा बाबांना भागीरथीबाईंना मारता येईना. त्यांनी तिसरा अंक नवा लिहिला. इन्स्पेक्टर येतो, रडतो, नळ बसतो. जसं घडलं तसंच. चर्चेत वकीलसाहेब म्हणाले की पहिला शेवट बरा होता. हे जे आता केलंय ते फारच स्वप्नाळू आहे, असं कधी घडत नाही. बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यानंतर त्यांनी नाटक लिहिलं नाही.

ते पुढं एकवीस वर्षं जगले. नोकरी पूर्ण करून सन्मानानं रिटायर झाले. ते गेल्यावर पेन्शनच्या कचेरीत मी आईबरोबर गेले होते. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगणार होते, तेवढ्यात आईच म्हणाली, “यशवंत.” राव नाही, उखाणा नाही, उभीही राहिली नाही. कपाळावर पावडर नव्हती आणि खालीही काही नव्हतं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. स्टेजवर, घरात, कुठंही तिचं एवढं छोटं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

आई गेल्या वैशाखात गेली. आता घरात मी आणि माझ्या मामेभावाचा मुलगा, माझा भाचा, असतो; मला तो अत्ता म्हणतो, म्हणजे आत्या. हे पान मी दोन महिने लिहिते आहे. त्याला मराठी बोलता येतं, वाचायला अडखळतो. मी त्याला वाचून दाखवते आणि तो मध्येच विचारतो, अत्ता, ये सच्ची में हुआ क्या? त्याच्या आईलाही तो फोनवर असंच विचारतो, त्यामुळे मी वाईट वाटून घेत नाही.

मागच्या महिन्यात मी पाणीखात्यात नळ माझ्या नावावर करून घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं संगणकाच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली की भागीरथीबाई यांचा मृत्यूचा दाखला आणा. माझ्या पिशवीत आईचा दाखला होता, बाबांचाही होता. जुन्या तिसऱ्या अंकाची वही घरी आहे, त्यात भागीरथीबाई रांगेत मरतात, पण ती काही तिथं देता येत नाही. आणि नव्या अंकात त्या जिवंत आहेत. मी परत आले.

भागीरथीबाईंचा दाखला माझ्याकडं नाही. नळ त्यांच्या नावावर आहे. एक दिवसाआड पाणी येतं.